दुःखी घराच्या उंबरठ्यावर

मरण कोणत्याही घरी येते तेव्हा ते परकेच वाटते. परंतु ज्या गावी माणसाचे घरच भाड्याचे असते त्या गावी आलेले मरण दुहेरी परके असते. सुरत शहराच्या आग्नेयेस, मुंबई-अहमदाबाद हमरस्त्यावर कडोदरा हे ठिकाण आहे. कापड रंगविण्याचे व छापण्याचे कारखाने, मागांचे अखंड खडखडणे, हमरस्त्यावरची मालमोटारींची रांग आणि कारखान्यांमागे दाटीवाटीने उभ्या राहिलेल्या खोल्या, असे त्याचे आजचे रूप. शेजारीच चलथाणचे रेल्वेस्थानक आहे. तेथून तापीकाठाने जाणारा लोहमार्ग नवापूर, नंदुरबार, अमळनेर करीत जळगावास पोहोचतो. याच मार्गाने खानदेशातली हजारो मराठी माणसे पोटासाठी सुरतेच्या परिसरात आली आणि ओडिशा, बिहार, उत्तर प्रदेश येथून आलेल्या माणसांच्या शेजारी राहू लागली.

अशा एखाद्या खोलीत कर्ता पुरुष जातो. मृत्यू रात्रपाळीत येतो, रस्त्यावर येतो, किंवा चार दिवसांच्या तापाचे निमित्त होते. पत्नी धर्माने ख्रिस्ती असो वा हिंदू, तिच्यापुढे उभे राहणारे प्रश्न सारखेच असतात. देह गावी न्यायचा की येथेच अंत्यविधी करायचा? गाडीचे भाडे कोण देणार? मुलांच्या शाळेचे काय? खोलीचा मालक किती दिवस थांबेल? आणि या सगळ्यांच्या तळाशी एक प्रश्न असतो, जो ती कोणास विचारीत नाही: हे माझ्याच वाट्याला का?

अशा घरी धर्मग्रंथ हाती घेऊन जाणाऱ्या माणसाचे काम कोणते? तो धर्मगुरू असेल, प्रार्थनासभेचा पुढारी असेल, किंवा केवळ जाणता शेजारी असेल. पुष्कळदा अशा वेळी जे बोलले जाते ते ऐकण्यासारखे नसते. "देवाची इच्छा," असे एक म्हणतो. "चांगली माणसे देवाला लवकर हवी असतात," असे दुसरा सांगतो. "रडू नका, श्रद्धा ठेवा," असा तिसऱ्याचा उपदेश असतो. या तिघांच्याही मनात वाईट काही नसते. पण यांतले एकही वाक्य त्या बाईसाठी बोललेले नसते. समोरचे दुःख पाहवत नाही म्हणून प्रत्येकाने आपल्या मनाची केलेली ती समजूत असते. धर्मग्रंथ मात्र या बाबतीत त्याच्या अनेक प्रवचनकारांहून अधिक समजूतदार आहे.

योहानाच्या शुभवर्तमानाच्या अकराव्या अध्यायात बेथानी गावच्या एका घराची हकीकत आहे. मार्था आणि मरिया या दोघी बहिणी. त्यांचा भाऊ लाजरस आजारी पडला. त्यांनी येशूकडे निरोप धाडला. येशू वेळेवर आला नाही. तो आला तेव्हा भावाला थडग्यात ठेवून चार दिवस लोटले होते. मार्था वेशीपाशीच त्याला सामोरी गेली आणि म्हणाली की, तू येथे असतास तर माझा भाऊ गेला नसता. थोड्या वेळाने मरिया आली, त्याच्या पायांशी पडली आणि अगदी तेच बोलली. दोघींचे गाऱ्हाणे शब्दशः एक आहे. दोघींना मिळालेले उत्तर मात्र एक नाही. मार्थेशी येशू बोलला; पुनरुत्थानाची आणि जीवनाची गोष्ट त्याने तिला सांगितली. मरियेला त्याने एकही सिद्धांत सांगितला नाही. तिच्याबरोबरचे लोक रडताना पाहून त्याचे अंतःकरण हेलावले आणि तो स्वतः रडला.

या दोन उत्तरांतले अंतर ज्याला समजले त्याला शोकगृहातील प्रवचनाचे अर्धे शास्त्र समजले. एकाच घरात एक माणूस असा असतो की त्याला शब्द हवा असतो. तो प्रश्न करतो, वाद घालतो, आणि उत्तर मिळाले तर त्याला आधार वाटतो. त्याच घरात दुसरा असा असतो की शब्दाने त्याची जखम अधिकच चिघळते; त्याच्याजवळ कोणी तरी नुसते बसावयास हवे असते. दोघांनाही एकच ठरीव प्रवचन ऐकविणे हा आळस होय. वैद्य सर्व रोग्यांना एकच मात्रा देत नाही, मग सांत्वन करणाऱ्याने ती का द्यावी?

आणखी एक गोष्ट या कथेत ध्यानात घेण्याजोगी आहे. लाजरसला आपण थोड्याच वेळात उठविणार हे येशूला ठाऊक होते. शेवट गोड होणार हे ज्याला माहीत आहे तोही रडला. मग ज्यांना शेवट दिसत नाही, केवळ आशेवर ज्यांनी दिवस काढायचे आहेत, त्यांनी रडू नये हे म्हणणे कोणत्या शास्त्रात बसते? अश्रू म्हणजे श्रद्धेचा अभाव, ही समजूत शुभवर्तमानातून आलेली नाही.

या ठिकाणी संत पौलाचे नाव पुढे केले जाते. थेसलनीका येथील मंडळीस लिहिलेल्या पहिल्या पत्राच्या चौथ्या अध्यायात त्याने मृतांविषयी लिहिले आहे. ज्यांना आशा नाही अशा लोकांसारखा तुम्ही शोक करू नये, असा त्याचा आशय आहे. पुष्कळ वक्ते यातला अर्धाच भाग उचलतात आणि शोक करू नये एवढेच सांगतात. पौलाने शोकाला बंदी केलेली नाही. आशाहीन शोकापासून त्याने माणसाला सावध केले आहे. शोक आणि आशा एकाच घरात, एकाच छातीत नांदू शकतात. रोमकरांस लिहिलेल्या पत्राच्या बाराव्या अध्यायात तर रडणाऱ्यांसोबत रडावे असे तोच पौल सांगतो. रडणाऱ्यांना गप्प करावे असे तो कोठेही म्हणत नाही.

सुरतेकडे मृताच्या घरी "बेसणुं" असते. अमुक दिवशी, अमुक वेळी बेसणुं आहे, अशा सूचना तेथील गुजराती वृत्तपत्रांत नित्य छापून येतात. शब्दाचा अर्थ साधा आहे: बसणे. लोक पांढऱ्या वस्त्रांत येतात, बसतात, हात जोडतात आणि उठतात. कडोदऱ्यास राहणाऱ्या मराठी माणसाला ही रीत आता परकी राहिलेली नाही, कारण दुःखाच्या घरी जाऊन बसण्याची चाल त्याच्या गावीही आहे. या चालीत एक फार जुने शहाणपण आहे आणि त्याची साक्ष बायबलातही सापडते. ईयोबाची मुलेबाळे आणि संपत्ती एका दिवसात गेली, अंगावर फोड उठले; तेव्हा त्याचे तीन मित्र दूरदूरच्या गावांहून आले. सात दिवस आणि सात रात्री ते त्याच्याजवळ जमिनीवर बसून राहिले. त्याचे दुःख एवढे मोठे आहे हे पाहून कोणी एक शब्द बोलले नाही. त्या सात दिवसांत त्या मित्रांनी कसलीही चूक केली नाही. चूक घडली ती त्यांनी तोंड उघडल्यावर. हे दुःख कोठल्या तरी पापाचे फळ असले पाहिजे, असा हिशेब ते मांडू लागले आणि ग्रंथाच्या अखेरीस देवाने त्यांनाच दोष दिला. ज्या ईयोबाने देवाला जाब विचारला, आक्रोश केला, त्याचे बोलणे देवाने उचित ठरविले. मृताच्या पत्नीने देवाला प्रश्न केला म्हणून कानांवर हात ठेवणाऱ्याने ईयोबाचे पुस्तक शेवटपर्यंत वाचलेले नसते.

यावरून प्रवचन करूच नये असा अर्थ कोणी काढील, तर तो बरोबर होणार नाही. शब्दाला जागा आहे. पण तो शब्द बेतशीर हवा. कॅथलिक उपासनाविधीच्या नियमावलीत या संबंधी एक सूत्र आहे. अंत्यविधीच्या मिस्सेत सामान्यतः लहानसे प्रवचन असावे, परंतु त्यात मृताच्या गुणवर्णनाचे भाषण नसावे. प्रथमदर्शनी हा नियम कोरडा वाटतो. गेलेल्या माणसाविषयी चार चांगले शब्द बोलू नयेत काय? अवश्य बोलावे, घरी बोलावे, बेसण्यात बोलावे, मित्रांनी बोलावे. पण वेदीपुढील शब्द मृताच्या कर्तृत्वावर उभा राहिला तर ज्याच्या नावावर काही कर्तृत्व नाही त्याचे काय? तीस वर्षे रंगाच्या हौदाशी उभे राहून ज्याने चार मुलांची पोटे भरली त्याच्याविषयी वक्ता काय सांगणार? गुणवर्णनाची चाल पडली की श्रीमंताला पाऊण तास आणि गरिबाला पाच मिनिटे मिळतात. येशूचे मरण आणि उत्थान हाच जर प्रवचनाचा विषय असेल, तर कारखान्याचा धनी आणि त्याच्याच कारखान्यातला हमाल यांच्या वाट्याला एकच शब्द येतो.

मरणातही मोठेपणा मिरविण्याची हौस किती व्यर्थ असते हे पाहावयास कडोदऱ्याहून फार दूर जावे लागत नाही. सुरत शहरात कतारगाम दरवाज्याच्या बाजूस इंग्रजांची जुनी दफनभूमी आहे. सन १६६४ मध्ये शिवाजी महाराजांनी सुरतेवर स्वारी केली त्या वेळी इंग्रजांची वखार लढविणारा जॉर्ज ऑक्झेंडन १६६९ मध्ये तेथे वारला. त्याचा भाऊ ख्रिस्तोफर त्याच्या आधी, १६५९ मध्ये गेला होता. दोघा भावांवर घुमटांची एक भव्य इमारत उभारलेली आहे. जवळच डच लोकांची दफनभूमी आहे. तेथे १६९१ मध्ये वारलेले व्हान रीड यांची कबर आहे, आणि इंग्रजांच्या कबरीवर ताण करावी म्हणून ती तशी बांधली असे सांगतात. हे गृहस्थ सामान्य नव्हते. मलबारच्या वनस्पतींवरील बारा खंडांचा प्रसिद्ध ग्रंथ त्यांच्या पुढाकाराने तयार झाला. तो ग्रंथ आजही अभ्यासिला जातो. कबरींच्या त्या चढाओढीचे मात्र आज कोणास काय? दोन कंपन्यांचा व्यापार गेला, सत्ता गेली, आणि घुमट पुराणवस्तू म्हणून उरले. ज्या बाईने नवऱ्याच्या अंत्यविधीसाठी कर्ज काढावयाचे मनात आणले आहे तिला हे घुमट दाखवावेत आणि सांगावे की, बाई, देवाच्या दारी दगडाची उंची मोजीत नाहीत.

देह कोठे ठेवावा हा प्रश्न परगावी राहणाऱ्यांना फार छळतो. गावची माती मिळाली नाही तर मृताला शांती मिळणार नाही, अशी भीती घरात असते. बायबलात दोन्ही प्रकारची उदाहरणे आहेत. याकोब मिसर देशात वारला. पण आपल्याला पूर्वजांच्या गुहेत ठेवावे असे त्याने मुलांकडून वचन घेतले होते, आणि मुलांनी त्याचा देह कनान देशापर्यंत नेला. उलट मोशे परक्या भूमीवर, वचनदत्त देशाच्या सीमेवर वारला, आणि त्याची कबर कोठे आहे हे कोणास ठाऊक नाही. दोघेही देवाचेच. तेव्हा ऐपत असेल त्याने गावी न्यावे, नसेल त्याने येथील मातीत ठेवावे. यात कमीपणा कोणताच नाही. दहनासंबंधीही असेच. कॅथलिक धर्मपीठाने १९६३ मध्ये दहनावरील जुनी बंदी सैल केली. दफन अधिक उचित मानले जात असले तरी श्रद्धेला विरोध म्हणून केलेले नसेल तर दहनास प्रत्यवाय नाही. २०१६ मध्ये पुन्हा सांगण्यात आले की रक्षा उधळू नये, घरी ठेवू नये, पवित्र स्थळी आदराने ठेवावी. जेथे दफनभूमी दूर आहे, किंवा घरातली काही माणसे दहनाच्या परंपरेतली आहेत, तेथे ही माहिती वेळेवर मिळाली तर प्रेताशेजारी उभा राहणारा वाद टळतो.

बेथानीच्या कथेत शब्द आहे, अश्रू आहेत, आणि तिसरे एक आहे, ज्याकडे दुर्लक्ष होते. ते म्हणजे काम. येशू थडग्यापाशी गेला तेव्हा तोंडावरचा दगड त्याने स्वतः हलविला नाही. जमलेल्या लोकांना तो बाजूला करावयास लावले. लाजरस बाहेर आला तेव्हा त्याच्या हातापायांच्या पट्ट्याही लोकांकडूनच सोडविल्या. जे माणसाच्या हातून होण्याजोगे होते ते त्याने माणसांवरच सोपविले.

कडोदऱ्याच्या खोलीपुढचे दगड आणि पट्ट्या कोणत्या, हे शेजाऱ्याने ओळखावयास हवे. मृत्यू जेथे घडला तेथील नोंदणी कचेरीतच त्याची नोंद होते, आणि साधारणतः २१ दिवसांच्या आत ती करावयाची असते. देह गावी नेला आणि सर्व मंडळी महिनाभर तिकडेच राहिली, की मागाहून दाखल्यासाठी हेलपाटे सुरू होतात. दाखला नाही म्हणून भविष्यनिर्वाह निधीची रक्कम अडते, कामगार विम्याचा हक्क अडतो, बँकेतले पैसे अडतात. ज्या बाईला मराठीही जेमतेम वाचता येते तिच्यापुढे गुजराती आणि इंग्रजी कागद येतात. त्या दिवशी तिच्या हाताला धरून कचेरीत नेणारा, रांगेत उभा राहणारा, अर्ज भरून देणारा माणूस शुभवर्तमानाचे प्रवचनच करीत असतो. फक्त त्याच्या हाती ग्रंथाऐवजी कागदांची पिशवी असते. अनाथांचा आणि विधवांचा त्यांच्या संकटात समाचार घेणे हाच निर्मळ धर्म, असे याकोबाच्या पत्रात सांगितले आहे ते याच अर्थाने.

कॅथलिक बायबलात तोबित नावाचे एक पुस्तक आहे. त्याचा नायक स्थलांतरित आहे. कैद होऊन निनवे नगरीत आलेल्या लोकांपैकी तो एक. तेथे आपल्या जातबांधवांची प्रेते बेवारस पडत, ती तो गुपचूप पुरीत असे. त्यापायी राजाचा कोप झाला, मालमत्ता गेली. एकदा सणाच्या दिवशी तो पानावर बसला असता, एक देशबांधव मारला जाऊन बाजारात पडला आहे, असे मुलाने येऊन सांगितले. तोबित घासही न घेता उठला, तो देह आणून त्याने आडोशाला ठेवला आणि सूर्य मावळल्यावर माती दिली. शेजारी हसले. भुकेल्यास अन्न देणे, नग्नास वस्त्र देणे या दयेच्या कृत्यांच्या मालिकेत मृतास माती देणे हे सातवे कृत्य ख्रिस्ती परंपरेने मानले, त्याच्या मुळाशी या कथेचा आदर्श आहे. परगावी आलेल्या माणसाने परगावी आलेल्या माणसासाठी भरल्या ताटावरून उठावे, हा त्याचा सारांश. हमरस्त्याकाठच्या कोणत्याही वस्तीला हा धडा लागू आहे, मग मृताची भाषा ओडिया असो की अहिराणी.

शेवटी भाषेविषयी. दुःखाच्या घरी जड शब्द चालत नाहीत. मराठीत ही गोष्ट पंडिता रमाबाईंनी जाणली होती. दुष्काळाच्या काळात त्यांचे आईवडील आणि बहीण गेली. १८८० मध्ये भाऊ गेला. १८८२ मध्ये, विवाहास दोन वर्षेही झाली नसता, पती गेले. संस्कृतावर एवढे प्रभुत्व असलेल्या या विदुषीने मूळ हिब्रू व ग्रीक भाषा अभ्यासून बायबलाचा मराठी अनुवाद हाती घेतला, तो खेड्यातल्या अल्पशिक्षित बायांना समजावा म्हणून. अनेक वर्षे हे काम केडगावच्या मुक्तिसदनात चालले. ते संपत आले असता, २४ जुलै १९२१ रोजी त्यांची एकुलती एक कन्या मनोरमा वारली. रमाबाईंनी काम सोडले नाही. ५ एप्रिल १९२२ रोजी त्याही गेल्या. अनुवाद त्यांच्या हातून पुरा झाला होता. जिचे सगळे गोत मरणाने नेले तिने धर्मग्रंथासाठी सोपी मराठी निवडली. शोकगृहात बोलणाऱ्याने याहून मोठा आदर्श शोधण्याचे कारण नाही.

मृताच्या घरी पहिले तीन दिवस माणसे मावत नाहीत. सातव्या दिवशी मिस्सा होते, महिन्याने पुन्हा होते. इतर घरी दहावा-तेरावा होतो. मग पाहुणे गाडीला बसतात, शेजारी पाळीवर जातात, आणि खोलीत एक बाई आणि तिची मुले उरतात. खरा एकांत तेव्हा सुरू होतो. चाळिसाव्या दिवशी, तिसऱ्या महिन्यात, पहिल्या सणाला, २ नोव्हेंबरच्या मृतस्मरणदिनी जो त्या उंबरठ्यावर पुन्हा उभा राहतो, त्याच्याच पहिल्या दिवशीच्या शब्दांना किंमत येते. जाताना त्याने मोठा ग्रंथ नेला नाही तरी चालेल. एखादे स्तोत्र सोप्या आवाजात वाचावे, दाखल्याचे काम कोठवर आले ते विचारावे, मुलांच्या वह्या पाहाव्यात, आणि बाई गेलेल्या माणसाविषयी बोलू लागली तर तिला मध्ये न थांबविता ऐकावे. पुनरुत्थानाची आशा ही थडग्यापाशी एकदा ऐकवून संपणारी गोष्ट नाही. ती एका माणसाने दुसऱ्या माणसाकडे पुनःपुन्हा जाऊन जिवंत ठेवावयाची असते.